रंभाजीच्या नावापुढची चांदणी

माझ्या दहा गोष्टींतल्या नऊ मी रंगवून सांगतो, हे राहुरीत कुणालाही विचारा. ही दहावी. हिला रंग लावायची माझी हिंमत नाही.

आमच्या पाणीवापर संस्थेत कालव्याच्या पाळ्या मी लावतो. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की संगणक ज्याच्या त्याच्या मोबाईलवर निरोप धाडतो. आत प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचं एक व्हेरिएबल. म्हणजे नाव चिकटवलेला डबा म्हणा. त्यात गट नंबर, फोन, पाळीची वेळ. इंजिनिअर बजावून गेला होता, डब्यांना नावं नकोत, आकडे द्या. पण आमच्याकडे माणसाला आकड्यानं कोण हाक मारतं?

यादीतला एक शेतकरी, रंभाजी, वारला. तेराव्यापर्यंत डबा तसाच ठेवला. मेलेल्या माणसाचं नाव आम्ही त्याआधी काढत नाही. चौदाव्या दिवशी दुपारी जेवून आलो, काढायला बसलो. अंगात सुस्ती. पूर्ण नाव टाइपायचा कंटाळा केला. पुसायच्या हुकमापुढं नुसतं ‘र’ लिहून पुढं चांदणीची खूण (*) ठोकली. चांदणी म्हणजे, या अक्षरानं सुरू होणारं सगळं. ‘र’चं आणखी कुणी आहे, हे डोक्यातच आलं नाही.

यादी पाहिली. रंभाजी गेला होता. खालची रंगुबाईही.

रंगुबाई माझी आत्या. तिच्या हातच्या भाकरीवर मी वाढलोय.

फोन लावला, असा नंबरच नाही म्हणे. गाडी काढून वस्तीवर गेलो. ओसरीवर तिचा कल्याण जेवत होता. आत चूल पेटलेली, तव्यावर भाकरी अर्धी भाजलेली.

“आत्या कुठंय रे?”

“कुनाची आत्या?”

“तुझी आई, कल्याण.”

तो हसला. “ऊन लागलं व्हय, दादा? मला कुठं आई हाय?”

“मग ती भाकर... कोण भाजतंय?”

त्यानं तव्याकडं पाहिलं. हातातला घास तसाच.

“ठावं न्हाई, दादा...”

उलटा संस्थेत पळालो. तिच्या नावाचा डबा पुन्हा केला. गट नंबर घाबरून आठवेना. डबा रिकामाच ठेवला आणि बटण दाबलं.

परत गेलो तर ती चुलीपुढं बसलेली. भाकरीचा कोळसा झालेला, घरभर जळका वास. हाक मारली. वळली. चेहरा तिचाच, पण डोळ्यांत ओळख म्हणून नव्हती.

“व्हय,” म्हणाली. काहीही विचारलं तरी तेवढंच.

तेव्हापासून रोज तिच्या डब्यात एकेक गोष्ट भरतोय. तिचं माहेर, तिचा गुडघा, माझ्या लहानपणच्या खोड्या. जेवढं भरतो तेवढंच ती बोलते. एक शब्द जास्त नाही.

काल मात्र मी न भरलेलं बोलली. अगदी हळू.

“आत लई गर्दी हाय, बाळा... तुझी जागा धरून ठिवलीय.”

माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही; संस्थेच्या यादीत मी कधीच नव्हतो. आज सकाळी यादी उघडली. शेवटचं नाव माझं आहे. डबा रिकामा.