आठ शेकडे

"एकच पिकअप! अहो, तुमच्या दवाखान्यात खुर्च्यासुद्धा दोन आहेत."

दातांच्या डॉक्टरांची बायको हे त्यांच्या कानात पुटपुटली. पण आमचं दुकान एवढंसं, की काउंटरपलीकडची कुजबुज अलीकडे घोषणेसारखी ऐकू येते. मी गिटारच्या पेटीचे खटके उघडत होते, ते उघडतच राहिले. नवराबायकोच्या मधे बोलू नये, विशेषतः बायकोचं बरोबर असताना.

"गाडी घेताना सतरा बटणं दाबून बघितलीत. आणि जीव लावलात तो असल्या फळकुटाला, ज्याला साधा स्विच नाही."

"स्विच नाही म्हणूनच तर," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, आवाज गेला हिचा. काल वाजवता वाजवता गेला."

मी गिटार बाहेर काढली आणि ओळखली. आमच्याच हातची होती. सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने लाकूड कापलं होतं आणि तारांचा सूर पकडणारा पिकअप आम्ही दोघांनी मिळून गुंडाळला होता. जुन्या घाटाची, सपाट, फिक्या पिवळ्या रंगाची. पिकअप एकच, तोही मागे, तारा टेकतात त्या ब्रिजला चिकटून. हल्लीच्या गिटारींना दोन-दोन, तीन-तीन असतात आणि मधे एक स्विच. इकडे केला की गोड, तिकडे केला की धारदार. हिला तसलं काही नाही. आवाज लहानमोठा करायचं एक बटण, धार कमीजास्त करायचं दुसरं, संपलं. गोड हवं तर उजवा हात मानेकडे सरकवा, धार हवी तर ब्रिजकडे आणा. तारांखालचं लाकूड फारसं पोखरलेलं नसतं, तारांना खाली ओढणारी जास्तीची चुंबकं नसतात, त्यामुळे सूर मोकळा सुटतो आणि बराच वेळ रेंगाळतो. मुख्य म्हणजे लपायला जागा नसते. ज्याचा हात जसा, तसा तो ऐकू येतो. काही लोकांना हे पहिल्या मिनिटात कळतं आणि मग त्यांचं दुसऱ्या गिटारीत मन रमत नाही. बाकीच्यांना कधीच कळत नाही. त्यांचंही छान चाललेलं असतं.

मी मीटर लावला. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो फेरे. ती कुठेही तुटली की पिकअप मुका. काटा जागचा हलला नाही.

"तार तुटलीय आत. नवीन गुंडाळून देते."

"तसाच वाजेल ना?" डॉक्टरांनी विचारलं. दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालणारा माणूस, पण हे विचारताना त्यांचाच चेहरा खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा झाला होता.

"बघते," मी म्हणाले.

कोपऱ्यात सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला.

कारण त्यांना माहीत होतं. नवरा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्यानंतर मी तीन पिकअप गुंडाळले होते आणि तिन्ही झोपलेले निघाले. बिघडलेले नव्हेत, झोपलेले. वाजत होते, पण पांघरुणातून वाजल्यासारखे. मीटरवर आमचे जुने साडेसहा हजार ओहम दाखवायचे, हे नवे सव्वासात. मी स्वतःला सांगितलं की तारेचा माल बदललाय. मग माल बदलून बघितला. तरी सव्वासात, तरी झोपलेले.

मनाशी ठरवलं, हाही तसाच निघाला तर यंत्र कापडात बांधून माळ्यावर टाकायचं. तारा बदलाव्यात, मानेवरच्या पट्ट्या घासाव्यात, पोट चालतंय. पण मग एक गोष्ट मान्य करावी लागणार होती. आमचा तो आवाज त्याच्या बोटांत होता, आणि बोटांबरोबर गेला.

यंत्र म्हणजे माझ्या आईचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन. लग्नाआधी मी त्यावर परकर शिवायची. नवऱ्याने त्याच्या चाकाला पिकअपची बॉबिन जोडली. हँडलचा एक फेरा म्हणजे बॉबिनचे दहा. हँडलचे आठशे फेरे, म्हणजे आठ शेकडे, की पिकअप तयार. मी हँडल मारायची आणि मोठ्याने मोजायची. तो समोर बसून तार अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सोडायचा, थर एकसारखा बसेल अशी. एक शब्द बोलायचा नाही. तसाही तो कमीच बोलायचा. लग्न ठरवताना सासूबाईंनी सांगितलं होतं, "पोरगा चांगला आहे, फक्त चालू करावा लागतो." बावीस वर्षं मी मोजलं आणि त्याने तार सोडली. या विषयातलं मला कुणी काही शिकवलं नव्हतं. बघत गेले, चुकत गेले, जमलं.

तो गेल्यावर आठ दिवसांत लेकीने फेरे मोजणारा एक इलेक्ट्रॉनिक काउंटर आणून हँडलला बसवला. लाल आकड्यांचा. "आई, आता तोंडाने मोजायचं नाही," म्हणाली. मला वाटलं, माझा आवाज एकटा ऐकवत नसेल पोरीला. तेव्हापासून काउंटरवर आठशे दिसले की मी थांबायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मी कामाला बसले. लेक सुट्टीवर होती, सासूबाई कोपऱ्यात होत्या. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. तार दिसायला ऊनच लागतं.

आधी गिटारचं बाकीचं वायरिंग तपासावं म्हणून मी ती स्टँडवर ठेवून अँपला, आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडली. जुना पिकअप अजून तिच्यातच होता. तुटलेला. सवयीने मी एक तार छेडली.

सूर आला.

तुटलेली तारही कधी कधी अर्धवट बोलते, हे मला माहीत आहे. पातळ, फोनवरून आल्यासारखी. हा सूर पातळ नव्हता. भरलेला, मोकळा, शेवटाला जरासा धारदार. सव्वा वर्षात मी तो ऐकला नव्हता.

"आई, हा बंद आहे ना?" लेकीने विचारलं.

"बंद आहे."

मी पुन्हा मीटर लावला. काटा जागच्या जागी. लेकीने वाकून बघितलं आणि ती आजीशेजारी जाऊन बसली.

अँप बंद करायला माझा हात गेला आणि परत आला. राहू दे, म्हटलं. काय बिघडतंय.

नवी बॉबिन यंत्राला लावली, तारेचं टोक अडकवलं. आणि मग का कोण जाणे, मी म्हणाले, "आज तोंडाने मोजते."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"काउंटर आहे की," लेक म्हणाली.

"असू दे. तोही चालू ठेवते."

"मोज बापडी," सासूबाई म्हणाल्या. "पण..."

"पण काय?"

"काही नाही. लसूण ओला आहे यंदाचा."

आता सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. चूक दिसली आणि त्या गप्प बसल्या, असं होत नाही. पोस्टमनला त्यांनी उन्हात उभं करून पत्त्यातली वेलांटी सुधारायला लावली होती. माझ्या भाकऱ्यांचे काठ, माझ्या पदराची लांबी, माझी माहेरची बोली, सगळ्यावरून त्यांचा हात फिरलेला आहे. त्या "काही नाही" म्हणाल्या याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

मी सुरू केलं. उजव्या हाताने हँडल, डाव्या हाताच्या चिमटीत तार. एक, दोन, तीन. वीस-पंचवीस फेऱ्यांनी अँपमधून माझाच आवाज येऊ लागला. हलका, अर्धा क्षण मागून. त्यात विशेष नाही. बाकीचे लोक पिकअप मेणात बुडवून काढतात, आम्ही कधी बुडवला नाही. आणि बिनमेणाचा पिकअप म्हणजे एक लहानसा कानच असतो. जवळ बोललं की अँप ते ऐकवतो.

तुटलेला पिकअप काय ऐकतो, हा विचार मी बाजूला ठेवला.

"...शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद, नव्वद..." आणि शंभर. एक शेकडा झाला. सहज काउंटरकडे लक्ष गेलं. नव्वद.

"अगं, हा मागे पडलाय."

"सेल उतरले असतील," लेक घाईने म्हणाली.

दुसरा शेकडा. काउंटरवर एकशे ऐंशी.

तिसरा. दोनशे सत्तर.

उतरलेले सेल इतक्या शिस्तीत चुकत नाहीत. हे मनात आलं, पण तोवर दुसऱ्याच गोष्टीने माझं लक्ष ओढलं होतं. माझा डावा हात दुखत नव्हता. गेले तीन पिकअप एकटीने गुंडाळताना दुसऱ्या शेकड्यालाच अंगठा भरून यायचा. तार सारखी घसरायची, तिला सारखं समजवावं लागायचं. आज ती सरळ जात होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, थरावर थर. माझी चिमटी सैल झाली होती. कधी सैल झाली, कळलं नाही. मग मी बोटं थोडी उघडली.

तार ताणलेलीच राहिली.

ती उन्हात चमकत होती, माझ्या बोटांपासून वीतभर पुढे, जिथे समोर बसलेल्या माणसाची चिमटी असायची. तिथे ती किंचित वाकत होती आणि मग बॉबिनवर जात होती.

मी समोर बघितलं नाही. बघितलं की मोजणं चुकतं.

चौथा शेकडा. अँपमधल्या माझ्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं. आधी वाटलं गुणगुण, वायरिंगची. मग लक्षात आलं की ती गुणगुण आकड्यांबरोबर थांबते आणि आकड्यांबरोबर सुरू होते. पस्तीस. छत्तीस. सदतीस. कुणीतरी ओठातल्या ओठात माझ्याबरोबर मोजत होतं.

लेकीने आजीचा हात धरला. "आजी," ती म्हणाली. एवढंच.

सासूबाईंच्या मांडीवरून लसणाची सालं हळूहळू फरशीवर पडत होती.

मला भीती वाटली का? लोक विचारतील म्हणून सांगते. हँडल मारणारा हात थांबला तर तार थांबेल, एवढीच भीती वाटली.

पाचवा शेकडा सुरू झाला. चाळीस. पन्नास. माझा घसा सुकत चालला होता. साठ.

अँपमधला आवाज आता माझ्या मागून येत नव्हता. बरोबर येत होता.

सत्तर.

पंच्याहत्तर.

श्वास पुरेना.

"सत्त्याहत्तर," मी म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर." आणि मला ठसका लागला. तोंड मिटलं, डोळ्यांत पाणी आलं. हँडल मात्र हाताने सोडलं नाही. एक फेरा तसाच, न मोजता, फिरला.



अँप म्हणाला, "एकोणनव्वद."

सर्दी झाल्यासारखा, जरा नाकातला आवाज. चालू करावा लागणारा.

मी हँडल धरून बसून राहिले. तार उन्हात तशीच ताणलेली होती, वाट बघत असल्यासारखी. लेक रडत होती, पण आवाज न करता.

सासूबाईंनी लसणाचं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. आयुष्यभर ज्या आवाजात त्यांनी माझ्या चुका काढल्या, त्या आवाजात नाही, फार मऊ, जवळजवळ लाजून त्या म्हणाल्या,

"अठ्ठ्याहत्तरनंतर एकोणऐंशी असतं गं, बाळ. पहिल्यापासून दर शेकड्याला तू दहा गाळतेस. तो आम्हाला सांगू द्यायचा नाही. म्हणायचा, तिचे ते दहा फेरे जातात ना, तिथूनच आवाज येतो." मग त्यांनी माझ्यासमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. "बघ की. अजूनही सांगत नाहीये."