अर्धा ठोका अंधार

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला आता पटवून सांगायचाही कंटाळा आलाय.

आणि आधीच सांगतो, यात मध्यरात्र नाही, ओसाड रस्ता नाही. भर दुपारी तीन वाजता, सोलापूरच्या भवानी पेठेत, पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात हे सुरू झालं.

तारीख २९ मार्च २०२५. शनिवार.

दुसऱ्या दिवशी पाडवा. म्हणजे त्या दिवशी अमावस्या. मी कीबोर्ड आणायला निघालो तेव्हा बायको म्हणाली होती, "उद्या सण हाय, उद्या आणा की. आज कशाला?" मी ऐकलं नाही.

मी मानसिंग. मूळचा नातेपुत्याचा. सरकारी खात्यात क्लार्क होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. तरुणपणी मी कीबोर्ड वाजवायचो. हळद, बारसं, गणपतीचं स्टेज, बोलावतील तिथं. सोबत ढोलकीला सिद्धराम असायचा. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, कमी बोलणारा माणूस. तो कायम माझ्या डाव्या हाताला बसायचा. गाणं उचलायच्या आधी तोंडातल्या तोंडात कानडीत चार आकडे मोजायचा.

तेरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून वाजवलं.

मग २००६ साली मी अरेंजर कीबोर्ड घेतला. डाव्या हातानं सूर धरले की मागं ढोलकी, तबला, सगळं आपोआप वाजतं, तो प्रकार. घेतला त्याच दिवशी मी सिद्धरामला सांगितलं, "आता तू येऊ नकोस. रिदम यातच आहे."

तो फक्त "बरं" म्हणाला.

त्यानंतरचा पहिलाच कार्यक्रम केम गावात होता. मुखडा झाला, अंतरा सुरू झाला आणि माझा आणि मशीनचा मेळच बसेना. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी अर्ध्यातून उठलो. कीबोर्डात फॉल्ट आहे म्हणालो, विकून टाकला आणि वाजवणंच सोडलं.

पुढं पाच वर्षांनी सिद्धराम कावीळ होऊन गेला. मला ते दोन महिन्यांनी कळलं. मी त्याच्या घरी गेलो नाही. जायला हवं होतं.

एवढं सगळं मागं टाकलेलं असताना मी परत या भानगडीत पडलो ते पोरीमुळं. ऋतुजा, माझी एकुलती एक. तिचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला स्टेजवर वाजवताना कधीच पाहिलं नाही. माझ्या हळदीला एक गाणं वाजवा. बाकी मला काही नको."

मी हो म्हणालो. हळद १० मेला होती.

मग सुरू झाली माझी फरफट.

एकोणीस वर्षांत सगळं बदललं होतं. दुकानात गेलं की पोरगा आठशे आवाज दाखवतो. मला आठशे आवाज काय करायचेत? मला एक पेटी, एक बासरी आणि सरळ केरवा ताल पाहिजे. एकाच्या पट्ट्या इतक्या हलक्या की फुंकरीनं वाजतील. एकात परदेशी ताल पाचपन्नास, आपला ढोलकीचा ठेका शोधायला चष्मा बदलावा लागतो. एकाचं पुस्तक उघडलं तर आत चिनी. इंटरनेटवर बघावं, तर एक म्हणतो हाच घ्या, दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका.

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची होती. प्रत्येक कीबोर्डचा रिदम पळायचा. मुखडा नीट जायचा. अंतऱ्याला मशीन पुढं, मी मागं. पाच दुकानं झाली. सगळीकडं तेच. डोक्यात तिडीक जायची. आजकाल एकही वस्तू धड बनवत नाहीत, असं मी घरी येऊन महानंदाला, म्हणजे बायकोला, रोज ऐकवायचो. ती काही बोलायची नाही.

सहावं दुकान बिभीषणचं. जुने कीबोर्ड दुरुस्त करून विकतो. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर हा. माझ्याच वयाचा, स्वतः बरं वाजवणारा.

मी एका कीबोर्डवर बसलो. एका शाळेच्या बाईंनी तीन वर्षं वापरून विकलेला. त्याला काही इतिहास नाही, याची मी नंतर दोनदा विचारून खात्री केली.

वाजवलं. अंतऱ्याला तेच झालं.

"हा बी पळतोय," मी म्हणालो. "एकही रिदम धड नाही का तुमच्याकडं?"

बिभीषणनं मला बाजूला केलं आणि तेच गाणं स्वतः वाजवलं. सरळ गेलं. मग त्यानं मोबाइल काढला, मला परत वाजवायला लावलं आणि रेकॉर्डिंग ऐकवलं.

"सायेब, राग मानू नका. मशीन बरोबर हाय. मुखडा संपला की तुमी अर्धा ठोका मागं ऱ्हाताय. दर वेळेला."

मला घाम फुटला. उन्हाचा नव्हता तो.

"तेरा वर्षं स्टेजवर वाजवलंय मी," मी म्हणालो. "कधी चुकलो नाही."

"मग ढोलकीवाला लई मोठ्या मनाचा असणार. थांबत असंल तुमच्यासाठी."

मला आठवलं. अंतऱ्याच्या आधी सिद्धराम एक छोटा तुकडा वाजवायचा. मला वाटायचं तो त्याची हौस भागवतोय. एकदा मी त्याला त्यावरून बोललोही होतो. तेरा वर्षं तो माझी चूक झाकत होता, आणि मी त्याला एका मशीनसाठी घरी बसवलं होतं.

एवढ्या वर्षांत मी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्या दुकानात मी मोठ्यानं म्हणालो, "सिद्धराम... अरे, सांगायचंस तरी."

खाली यंत्रमाग थांबले.

लाइट गेली असावी म्हणून मी वर पाहिलं. पंखा चालू होता.

का कोण जाणे, मी परत हात ठेवले. त्या कीबोर्डवर चार बारीक दिवे आहेत. ठोक्यागणिक एकेक लागतो. पहिला लाल, मग तीन हिरवे. मुखडा संपला. लाल, हिरवा, हिरवा, हिरवा...

आणि लाल लागला नाही.

अर्धा ठोका कुठलाच दिवा नाही. कुठलाच आवाज नाही.

मग लाल लागला. बरोबर माझ्या हाताखाली.

बिभीषण स्टुलावरून उठला. "परत वाजवा," म्हणाला.

परत तेच. तो स्वतः बसला, तर मशीन सरळ गेलं. मी बसलो, की थांबायचं. पाच वेळा झालं. मग त्यानं कीबोर्ड खोक्यात भरला. "न्या तुमी हा," म्हणाला. घासाघीस केली नाही, आणि मीही केली नाही.

खरं सांगू? त्या दिवशी मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. ऋतुजाची हळद निभावली, एवढंच डोक्यात होतं.

पाडव्याला जेवण झाल्यावर मी हॉलमध्ये कीबोर्ड लावला. दुपारचे दोन. बाहेर चिटपाखरू नाही. महानंदा आत भांडी घासत होती. मी रिदमचं बटण दाबायला बोट पुढं केलं...

"कोण आलंय?" ती आतून म्हणाली.

"कुणी नाही."

ती ओल्या हातानं बाहेर आली. "मग कानडीत कोण मोजत होतं?"

मी काहीच ऐकलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या डाव्या बाजूला बघत होती. तिथं रिकामी चटई होती.

"सिद्धरामभावजी तुमाला कधी चुकू द्यायचे न्हाईत," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना म्हाईत होतं. तुमाला कोण सांगणार? तुमी ऐकून घेता व्हय कुणाचं?"

त्या दिवशी मी तिच्याशी भांडलो. पण रात्रभर डोळा लागला नाही. मेलेल्या माणसाच्या जिवावर पोरीच्या हळदीत वाजवायचं? ज्याला मी एका वाक्यात हाकललं, त्यालाच परत राबवायचं? मला माझीच लाज वाटली.

मी ठरवलं, चूक सुधारायची. मीच वेळेवर आलो, तर त्याला थांबायची गरज पडणार नाही.

सहा आठवडे मी रिदम बंद ठेवून वाजवलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर. रोज चार तास. एकोणसाठाव्या वर्षी हाताला वळण लावणं काय असतं ते मला विचारा. बोटं दुखायची, मान धरायची. रोज वाटायचं, फेकून द्यावं हे खेळणं. पण मेच्या पहिल्या आठवड्यात जमलं. मुखडा संपला की मी ठोक्यावर. दहा वेळा, वीस वेळा, एकदाही मागं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून बिभीषणला पाठवलं. त्यानं लिहिलं, "एकदम बरोबर."

रिदम लावून बघायची मात्र माझी हिंमत झाली नाही. ही माझी चूक.

१० मे, संध्याकाळी सहा. घरासमोर मांडव. दीडशे माणसं. ऋतुजा पिवळ्या साडीत, गालाला हळद, अगदी समोर बसलेली. मी स्टेजवर. रिदम चालू केला. मुखडा सुरेख गेला. तिनं मैत्रिणीचा हात धरलेला मला दिसला.

मुखडा संपला. मी ठोक्यावर हात टाकला. बरोबर.

लाल, हिरवा, हिरवा, हिरवा...

अंधार.

माझा सूर एकटाच वाजला. उघडा पडला. अर्ध्या ठोक्यानं लाल दिवा लागला, आणि तोवर मी पुढं गेलो होतो. मी मशीनसाठी थांबलो, तर आणखी बिघडलं. मागं कुणीतरी हसलं. एक शिट्टी आली. केमसारखीच.

ऋतुजाचा चेहरा पडला.

मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. सहा आठवडे. सहा आठवडे मी झिजलो, आणि हा अजून जुन्याच मानसिंगसाठी थांबत होता. की मुद्दाम करत होता? मी ओठातल्या ओठात म्हणालो, "आता नको रे थांबू. मी शिकलोय."

दुसरा अंतरा येत होता. परत चार दिवे गेले. परत अंधार पडला... आणि डाव्या कानापाशी कुणीतरी हळूच श्वास घेतला.

मी हात वरच धरला. ठोका जाऊ दिला. मुद्दाम मागं राहिलो, पूर्वी राहायचो तसा.

मग लाल दिवा लागला आणि आम्ही दोघं एकदम ठोक्यावर पडलो. इतकं चपखल की मांडवातून "वा" आला. तिसरा अंतराही मी तसाच मुद्दाम मागं राहून वाजवला. टाळ्या थांबेनात. कुणी दोन बायका नाचायला उठल्या.

ऋतुजा स्टेजवर येऊन गळ्यात पडली. तिची हळद माझ्या शर्टाला लागली.

"बाबा, पहिल्या वेळी जरा चुकलात," ती म्हणाली, "पण नंतर काय वाजवलंत."

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. पहिल्या वेळी मी बरोबर होतो, हे तिला कसं सांगणार?

पोरगी सासरी गेली. चार दिवसांनी मी कीबोर्ड घेऊन बिभीषणकडं गेलो. दुपारीच. म्हणालो, हा बदलून दे, दुसरा कुठलाही दे. त्यानं एक नवा, खोक्यातून न काढलेला कीबोर्ड फोडला. प्लॅस्टिकसुद्धा माझ्यासमोर काढलं. मी बसलो. मुखडा वाजवला आणि बरोबर ठोक्यावर हात टाकला.

चार दिवे लागले... आणि लाल लागला नाही.

बिभीषण माझ्या हातांकडं बघत होता. मग त्यानं दिव्यांकडं पाहिलं.

"सायेब, तुमी तर आता बरोबर वाजवताय," तो म्हणाला.

"हो."

"मग हे कुणासाठी थांबतंय?"

मी चप्पल घातली आणि जिना उतरलो. जुना कीबोर्ड तिथंच राहिला, तो आणायला मी अजून गेलेलो नाही.