उतरता डाग

घानातल्या केप कोस्टच्या विद्यापीठात लेझरवर काम करणाऱ्यांची एक जुनी खोड होती. आरसे जुळवायचे झाले की संरक्षक चष्मा कपाळावर चढवायचा. त्यातून हिरवा किरण दिसतच नाही, मग जुळवायचं काय? अराबा क्वान्साही वर्षानुवर्षं तेच करत आली होती. तिचा उजवा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त डाव्यावर. त्या मंगळवारी सहकारी कोबिनाच्या घड्याळावर आपटून किरण उडाला आणि त्याच डाव्या डोळ्यात टक् असा आवाज झाला. दुखलं काहीच नाही. फक्त कोबिनाला चेहरा उरला नव्हता, तिथे काळा डाग होता.

डॉक्टर ओटूंनी भिंगातून बराच वेळ आत पाहिलं. पडदा मधोमध भाजलाय म्हणाले, सुजेवर गोळ्या दिल्या. "बाकी वाट बघायची, बाई. भाजलेल्याला टाके घालता येत नाहीत."

पुढच्या आठवड्यात तिला तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचता आल्या. ती हरखली. डॉक्टर मात्र मान कलती करून, डोळ्याच्या कडेने कागद बघत होते.

"गेल्या आठवड्यापासून मध्ये काहीतरी येतंय," ते म्हणाले.

कोबिनाला अपराधी वाटत होतं. बघू तरी किती भाजलंय म्हणून तोही तिच्या डोळ्यात डोकावला. डाग आणखी लहान झाला. गुरुवारपासून कोबिनाला आरसे जुळेनात.

त्यानंतर अराबाने डॉक्टरांकडे जाणं सोडलं. घरातही काळा चष्मा लावू लागली. शेजारणी म्हणत, आमची अराबा सिनेमात गेली. तिला बरं व्हायचीच भीती बसली होती. नऊ वर्षांच्या लेकीला, एकुवाला, तिने बजावलं होतं, माझ्या डोळ्यात बघायचं नाही. का ते सांगता आलं नव्हतं.

रविवारी चर्चहून आल्यावर खुर्चीतच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा लख्ख दिसत होता.

डाग नव्हता. चष्मा स्टुलावर होता.

एकुवा मक्याचं केंके आणि तळलेली मासळी घेऊन आली. "टोचत असेल म्हणून मी काढला. पापणी उचलून बघितलं गं. आत काहीच नव्हतं."

"एकुवा, माझ्याकडे बघ."

"बघतेय की," मान कलती करून, आईच्या शेजारच्या भिंतीकडे बघत एकुवा म्हणाली.