उंबऱ्यावरचं कुंकू

"मॅडम, माझी बहीण वनमाला माहेरी आलीच न्हाई!" तलवाड्याहून राधाकिशन फोनवर रडकुंडीला आला होता. "अन् दाजी म्हनतेत, गुरुवारीच गेली."

फौजदार सुकन्या घाटनांदूरच्या त्या घरी पोचली, तेव्हा ऑईलपेंटच्या वासानं तिचं डोकं भणभणलं. हिरव्यागार उंबऱ्यावर हळदी-कुंकवाची बोटं उमटली होती. ती चुकवून तिनं पाय आत टाकला.

वनमालाचा नवरा रविराज पाणी घेऊन आला. जरा जास्तच अदबीनं.

"बायको कधी गेली?"

"गुरुवारी दुपारी. बाजाराची गर्दी. कोन्त्या गाडीत बसली, कोन बघतंय?"

"भांडण झालं होतं?"

"किरकोळ. घराला रंग कावून द्यायलास, म्हनली."

"सण न्हाई, कार्य न्हाई," कोपऱ्यातून त्याची म्हातारी आई छबुबाई पुटपुटली. "मीबी इचारलं. बोलंना." ती लेकीकडं तेलगावला गेली होती, शुक्रवारी दुपारी परतली होती.

आतल्या खोलीत कोरा पलंग होता, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. भिंती गुलाबी होत्या. खाली रंगाचे जाड थर, वर हात पोचेनासा झाला तिथं नुसते फराटे. छताला जळमटं तशीच लोंबत होती. सुकन्यानं पेंटर दिलावरला बोलावून घेतलं.

"ही खोली तू केलीस?"

"न्हाई मॅडम. आमी छतापासून सुरू करतो. म्या गुरुवारी दिवस मावळताना चौकट अन् उंबरा केला. मग शुक्रवारी सकाळी ह्येंचा फोन आला, येऊ नको."

"आत बाईमाणूस दिसलं?"

"दाराला पडदा व्हता."

सुकन्या उंबऱ्याशी उकिडवी बसली. तिनं कुंकू नखानं खरवडून पाहिलं. ते निघेना. रंगातच रुतून वाळलं होतं.

"हे कुणी लावलं?"

रविराज आईकडं वळला. "आई, शुक्रवारी आल्यावर तूच लावलंस ना? सांग की!"

छबुबाईनं लेकाकडं बघितलं. एक 'हो' म्हटलं की पोटचा पोर सुटत होता. सुकन्याला ते कळत होतं, आणि त्या माउलीची तिला फार कीव आली.

"मी कावून लावीन रे?" म्हातारी शेवटी बोलली. "तुझा बाप गेल्यापास्नं मी करंड्याला हात लावला न्हाई. हे तिचं काम. रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी."

सुकन्या उठली. "गुरुवारी दुपारी गेलेली बाई संध्याकाळी रंगवलेल्या उंबऱ्याला कुंकू कसं लावेल, रविराज? शुक्रवारी सकाळी ती इथंच होती. रंग ओलसर होता तरी तिनं नेम मोडला नाही. तुला रोजचं ते, दिसलंच नाही. सण नाही, कार्य नाही, मग हा रंग, हा पलंग कशाला? दुसरी बायको आणायला. ते तिला कळलं. आतल्या खोलीत तू तिला मारलंस. रक्त भिंतीवर उडालं. रंगाचे डबे घरातच होते. पेंटर छतापासून खाली येतो, तू खालून वर गेलास, रक्त झाकण्यापुरता. कुठं आहे ती?"

रविराजनं मागल्या दाराकडं बोट केलं. "मागं... हौदात."

तिच्यासोबत आलेला हवालदार सोमेश्वर मागं धावला. झाकण सरकल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

बेड्या घातलेल्या रविराजला सुकन्यानं दाराकडं वळवलं. छबुबाई उंबऱ्याला आडवी बसली होती.

"ह्याला मागल्या दारानं न्या," ती म्हणाली. "हितं तिचं कुंकू हाय."