दुसरा खेळाडू तयार आहे

साडूची शिडी परत करायची होती, काम एवढंच होतं.

बायको चार दिवस मागे लागली होती. "माळा साफ होऊन महिना झाला. तो बिचारा ‘ताई, ताई’ करतो, पण तोंडाने मागायचा नाही. नेऊन द्या की!"

‘बिचारा’ हा शब्द बातमीदाराला खुपला. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, फ्रीज दुरुस्त करणारा. हाताला गुण, बोलायला मोकळा आणि तोंडात सदानकदा शिट्टी. स्क्रू पिळताना शिट्टी, जिना चढताना शिट्टी. सासरी गेलं की सगळा गोतावळा त्याच्याभोवती. बातमीदाराला मात्र उभ्या जन्मात शिट्टी वाजवता आली नव्हती. लहानपणी ओठ सुजेपर्यंत खटपट केली, नुसती हवा निघाली. हेवा करायला मोठी कारणं लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांना साडू नसतो.

शिवाय त्या दिवसांत बातमीदाराचं डोकं आधीच तापलेलं होतं. एका दैनिकात तो वर्षानुवर्षं ‘पहिला हात’ नावाचं सदर लिहायचा. नवा फोन, नवा कॅमेरा, नवा गेम कन्सोल बाजारात येण्याआधी कंपनी त्याच्याकडे पाठवणार, तो वापरून बघणार आणि लोकांना खरं काय ते सांगणार. गावात पहिला हात त्याचा, ही त्याची मिरास. पण गेल्या खेपेला त्याने ‘हे यंत्र इस्त्रीसारखं तापतं’ असं छापलं, आणि कंपनीला ते झोंबलं. या वेळचा नवा कन्सोल कंपनीने बाहेरगावच्या गोड गोड लिहिणाऱ्या सगळ्यांना वाटला आणि त्याला वगळलं. संपादकीणबाईंनी तर बोलावून सरळच सांगितलं होतं, "लाँचच्या आधी आपल्याकडे कन्सोलवर लेख हवा. तुम्हाला जमत नसेल तर सदर दुसऱ्या कुणाला देते." खरं लिहिणाऱ्याला शिक्षा आणि तोंडपुज्यांना पेढे! तो तेव्हापासून धुमसत होता.

दुपारची वेळ होती. साडूच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. शिडी खांद्यावर घेऊन तो आत शिरला आणि थबकला. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले. खोलीत भर दुपारी काळोख, आणि त्या काळोखात एक वास होता. ओला, थंड, कोंदट. बरेच दिवस बंद पडलेल्या फ्रीजचं दार उघडल्यावर अंगावर येतो तसा.

"या दादा, या! शिडी तिथंच टेकवा," टीव्हीसमोरून साडू म्हणाला. "आधी हे बघा."

टीव्हीखाली तो होता. नवा कन्सोल. ज्याचे फोटो बघून बातमीदाराने महिनाभर दात खाल्ले होते, तो.

"हा... तुला कुठून मिळाला?"

"दुकानातनं. मी बुक केला होता ना. परवा कुरिअरवाला आला, सही घेतली, गेला."

"अरे, लाँचला अजून आठवडा आहे!"

"असेल. गोदामात कुणीतरी भलताच खोका उचलला असणार. आपलं काय जातंय?" साडू हसला आणि शिट्टीवर एक लकेर घेतली.

वीस वर्षं घासली मी, आणि पहिला हात या फ्रीजवाल्याचा! त्याने खोका उचलून पाहिला. बाजूला एक पिवळं लेबल चिकटवलेलं होतं : ‘परत आलेला माल’. जे यंत्र अजून एकाही माणसाला विकलेलं नाही, ते परत कुणी केलं? एरवी एवढ्या धाग्यावरून त्याने दुकानदाराला सळो की पळो करून सोडलं असतं. त्या दिवशी मात्र त्याने खोका खाली ठेवला. त्याची नजर टीव्हीवर खिळली होती.

पडद्यावर वरच्या बाजूला साडूचं नाव होतं, आणि नावापुढे ‘पहिला खेळाडू’. त्याच्या खाली दुसरी ओळ :

‘दुसरा खेळाडू तयार आहे.’

"हा दुसरा कोण?"

"तेच तर कळत नाही." साडूने आवाज खाली आणला. "खोक्यात रिमोट एकच निघाला. इंटरनेट मी अजून जोडलेलं नाही. तरी हा असतोच. चालू करायच्या आधीपासून येऊन बसल्यासारखा."

"यंत्रातलाच असेल."

"असेल. खेळतो झकास. पण दादा... मी पाणी प्यायला उठलो ना, की हा खेळायचं सोडून माझ्या खुर्चीकडे तोंड करून उभा राहतो. काल ही शेजारी येऊन बसली तर सगळा खेळच बंद पाडला यानं. म्हटलं, बाई गं, तुझी सवत आली घरात!"

तो हसला, पण हसणं लवकर संपलं.

साडू खेळत होता तोवर बातमीदार बघत राहिला. साडूची एक खोड होती. खेळातला माणूस दारापाशी आला की साडू त्याला जागच्या जागी दोनदा उड्या मारायला लावायचा. "आत जाताना पाय झटकावेत माणसानं," म्हणायचा. बातमीदाराला हसू आलं नाही. त्याला फक्त ते नाव दिसत होतं. पहिला खेळाडू. पहिला!

"एक दिवस दे मला हा. लेख लिहायचाय."

"एक कशाला, दोन दिवस न्या. फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही. याला आवडणार नाही असं उगाच वाटतं." साडूने मान झटकली. "खुळ्यासारखं बोलतोय मी. बसा, चहा टाकतो."

तो स्वयंपाकघरात गेला. भांड्याचा आवाज आला, मागोमाग शिट्टी.

आता बातमीदाराची एक सवय सांगायला हवी. त्याच्याकडे तपासायला येणारी यंत्रं आधी दहा जणांच्या हातांतून गेलेली असायची. म्हणून हातात आलं की आधी पुसायचं, मागच्याचं नाव-गाव काढून टाकायचं, मगच तपासायचं. हा त्याच्या धंद्यातला नियम, आणि सदरात त्याने तो ठणकावून लिहिलाही होता : नव्या माणसाला जुन्याचं नाव कशाला दिसायला हवं? त्यामुळे रिमोट उचलला तेव्हा अंगठा आपोआपच नाव पुसायच्या जागी गेला. पण खरं बोलायचं तर नुसती सवय नव्हती ती. साडूला विचारायला स्वयंपाकघर काही लांब नव्हतं. त्याला ते नाव तिथून काढायचं होतं.

पडद्यावर प्रश्न आला : ‘पहिला खेळाडू काढून टाकायचा? त्याची जागा दुसऱ्याला मिळेल.’

त्याने ‘हो’ दाबलं.

आतली शिट्टी तुटली. थांबली नाही, तुटली. मधल्याच सुरावर.

"काय रे?" बातमीदाराने हाक मारली. "काय झालं?"

चहा उतू जाऊन चरचरल्याचा आवाज आला. तो वास एकदम दाट झाला. मग पावलं आली, एकेक, जपून टाकलेली, आणि साडू दारात उभा राहिला. हातात कप नव्हते. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. मुठी मिटत होता, उघडत होता. नवे हातमोजे अंगासरशी बसतात का ते माणूस बघतो, तसा.

"चहा..." बातमीदार म्हणाला.

"घेऊन जा हे," साडू म्हणाला. आवाज त्याचाच होता. "मला आता नको."

दादा म्हणाला नाही. खोका उचलताना बातमीदाराच्या ते ध्यानात आलं. पण पहिला हात मिळाल्याचा आनंद इतका होता की तो जिना जवळजवळ पळतच उतरला.

घरी त्याने कन्सोल लावला, आपलं नाव भरलं, आणि ‘पहिला खेळाडू’ या शब्दांपुढे ते झळकलेलं पाहून त्याची छाती भरून आली. खाली ओळ होतीच. दुसरा खेळाडू तयार आहे.

हा दुसरा मात्र खेळत नव्हता. बातमीदार पुढे गेला तरी तो मागेच राहायचा. दारापाशी आला की जागच्या जागी दोनदा उड्या मारायचा. मग पडद्याच्या अगदी कडेला येऊन काचेवर मुठी आपटायचा. आवाज नव्हता, नुसत्या मुठी. बातमीदाराने ते पाहिलं, आणि लेखात लिहिलं : ‘दुसरा खेळाडू अजून कच्चा वाटतो.’

लेख छापून आला. गावात पहिला. संपादकीणबाईंनी स्वतः फोन केला, सदर कायम राहिल्याचं सांगितलं. कंपनीचा थयथयाट झाला म्हणे. बातमीदाराने पेपर जेवणाच्या टेबलावर असा ठेवला की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा.

पहिली आली ती मेहुणी. तिने पेपरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"भाऊजी, तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी काही झालं का?"

"का गं?"

"हे शिट्टी वाजवत नाहीत हो आता." ती बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत होती. "फ्रीज समोर ठेवला तर नुसते बघत बसतात. दार उघडून आत डोकं घालतात आणि... तसेच राहतात. जवळ गेलं की तो वास येतो. मी कुणाशी फोनवर बोलले तरी सहन होत नाही. काल आईचा फोन होता तर भिंतीवर आपटला. माझ्याकडे बघतात ना भाऊजी, ती नजर..." तिचा हुंदका आतच राहिला. "तो माणूस माझा नाही."

"दमला असेल. बरा होईल," बातमीदार म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला.

ती गेल्यावर तो कन्सोलसमोर बसला. दुसरा खेळाडू कडेला उभा होता. आज मुठी आपटत नव्हता. फक्त बघत होता. बातमीदाराने दबक्या आवाजात साडूचं नाव घेतलं.

पडद्यावरच्या माणसाने दोनदा उड्या मारल्या.

किती तरी वेळ बातमीदार रिमोट हातात धरून बसला. करायचं काय ते पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पहिला खेळाडू काढून टाकायचा? त्याची जागा दुसऱ्याला मिळेल. एक बटण, आणि साडू बाहेर. पण कुठे बाहेर? इथे. या खुर्चीत, या अंगात, या घरात. आणि आपण त्या काचेमागे, त्या वासात. सासूबाई त्याच्या, मेहुणे त्याचे, सगळ्यांची माया त्याची, आता माझी जागाही त्याला देऊ? लाज वाटावी असा विचार होता तो, आणि त्याला लाज वाटलीही. पण अंगठा हलला नाही.

सकाळी दुकानातून फोन आला. पलीकडे काउंटरवरची बाई होती, घाबरलेली. "साहेब, आमच्या चुकीने एक कन्सोल लाँचआधीच गेलाय. तुमचा लेख वाचला. तो तुमच्याकडे असेल तर कृपा करून परत द्या, कंपनी आमचा परवाना काढून घेईल."

एरवी त्याने त्या बाईला फैलावर घेतलं असतं. आज तो म्हणाला, "आणतो. आत्ताच आणतो." वायर ओढून काढताना पडद्यावरच्या माणसाकडे त्याने बघितलं नाही.

दुकानात दिवसाढवळ्या माणसांची ये-जा होती, आणि त्याला जरा बरं वाटलं. बाईने खोका फिरवून पाहिला. "अगंबाई, यावर आमचं लेबल आधीच कसं?" म्हणाली, आणि त्यावरच नवं पिवळं लेबल चिकटवलं. तिच्या बोटाखाली जुन्या लेबलांची चळत जाड लागत होती. तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, मग सोडून दिलं.

"पुसून आणलाय ना?"

"काय?"

"तुमचं नाव काढून टाकलंय ना आतलं?"

"नाही. राहू दे तसाच. तुम्ही फक्त गोदामात..."

"छे हो!" बाई हसली. "परत आलेलं यंत्र आम्ही पुसल्याशिवाय ठेवतच नाही. तुम्हीच लिहिलंय की साहेब, नव्या माणसाला जुन्याचं नाव कशाला दिसायला हवं? कात्रण लावलंय मी आत." आणि खोका घेऊन ती काचेच्या दारामागच्या खोलीत शिरली. दार आपोआप लागलं.

"थांबा... अहो, थांबा!"

दार उघडेना. काचेपलीकडे तिने वायर जोडली. छोट्या पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. बातमीदार काचेवर मुठी आपटू लागला. आवाज आत पोचत नसावा. तिने मान वर केली नाही. तिचा अंगठा नेमका त्या जागी गेला.

थंड, कोंदट वास त्याच्या नाकातोंडात भरला.

दुपारी बातमीदाराच्या बायकोने जिन्यातून येणारी शिट्टी ऐकली आणि तिला हायसं वाटलं. बहिणीचा नवरा आला वाटतं, शिट्टी वाजवतोय म्हणजे बरा झाला. तिने हसतच दार उघडलं.

बाहेर तिचा नवरा उभा होता. शिट्टी त्याच्या ओठांवर होती, गोड, सुरेल, न चुकता. आत येण्याआधी त्याने उंबऱ्याशी थांबून दोनदा पाय झटकले.

"अहो, तुम्हाला कधीपासून..."

"ताई," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.