काळी पाचच्या किंचित खाली

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या डाव्या हाताला एक खोली आहे. कागदोपत्री ते सोसायटीचं ऑफिस. प्रत्यक्षात तिथे मोडक्या खुर्च्या, गणपतीचं मखर आणि मी. सोमवार ते शनिवार, साडेचार ते सहा, मी तिथे गाणं शिकवते. त्याआधी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक एकतर ‘म्हातारीला भास होतात’ म्हणतात, नाहीतर ‘कलाकार माणसं हळवी असतात’ म्हणतात. मी हळवी नाही. मी संतापलेली आहे आणि मला त्याचं कारण आहे.

मीरा रोडला येऊन मला अठरा वर्षं झाली. खोलीच्या मागच्या खिडकीतून शेजारचा प्लॉट दिसतो. दोन वर्षांपूर्वी तिथली जुनी बिल्डिंग पाडली, टॉवरसाठी खड्डा खणला आणि काम बंद पडलं. बिल्डरनं भोवती निळे पत्रे ठोकून त्यावर स्विमिंग पूल रंगवला आणि तो गायब झाला. आत मजुरांनी टाकून दिलेली प्लास्टिकची पिंपं आहेत. सोळा. मी खिडकीतून मोजली आहेत. प्रत्येकात नितळ पाणी आहे, आणि डेंगीच्या डासाला नेमकं तेच लागतं. हे मी सेक्रेटरीला, म्हणजे यतीनला, चार वेळा लेखी दिलं.

“मॅडम, तो प्रायव्हेट प्लॉट आहे ना,” यतीन म्हणाला. “आपण आत कसे घुसणार? मी ग्रुपवर टाकलंय.”

ग्रुपवर अकरा अंगठे आले. पिंपं होती तिथेच राहिली.

आता गाण्याचं. प्रत्येक गळ्याचा एक स्वतःचा सोयीचा ‘सा’ असतो. पेटीवर ज्या पट्टीशी तो जुळतो, तिच्या नावानं आम्ही तो ओळखतो: कुणाचा पांढरी पाच, कुणाचा काळी चार. वीस मुलींच्या वीस पट्ट्या काही नसतात, पण नुसता आवाज ऐकून कोण गातंय ते मी पाठ फिरवूनही सांगेन. आणि डासांचं म्हणाल तर त्यांना आपल्यासारखे कान नसतात, ते मिशांनी ऐकतात. नराच्या मिशा झुपकेदार, मादीच्या साध्या. मादीच्या पंखांचा सूर हवेतून येतो, नराच्या मिशा त्यानं थरथरतात आणि तो तिच्याकडे जातो. जवळ आले की दोघं आपापले सूर एकमेकांशी जुळवून घेतात. आपल्याकडे पत्रिका जुळवतात त्याहून बरं जुळवतात. पण हे दोघांपुरतं असतं. खोलीभर डास एका सुरात कधीच नसतात, कारण प्रत्येकाचा पंख वेगळा. म्हणून तर त्यांची गुणगुण इतकी घाणेरडी लागते.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ती घाणेरडी लागली नाही.

मुली यायच्या होत्या. मी पेटी पुसत होते आणि खिडकीपाशी नेहमीचे डास होते. काहीतरी स्वच्छ ऐकू येत होतं. आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी तानपुरा लावलाय. मग कळलं की ते डास आहेत. मी पट्ट्या दाबून पाहिल्या. पांढरी सहा. एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मला गंमत वाटली, आणि त्या गमतीचा आज मला राग येतो.

पांढरी सहा ही आमच्या वर्गात एकटीची पट्टी होती. आठवीतल्या मनालीची. शनिवारी तिला ताप आला. सोमवारी ॲडमिट केलं, डेंगी निघाला. आठवड्यानं घरी आली आणि हट्टानं क्लासलाही आली. मी सा दिला. तिनं तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. बोलताना आवाज होता, गाताना नव्हता. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग ती रडायला लागली.

“अशक्तपणा आहे,” डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हणाले.

त्याच दिवशी खिडकीपाशी काळी चार लागलेली होती. ती रुचिताची. रुचिता बँकेत काम करते, साडेपाचच्या आत क्लासला पोचायची म्हणून दुपारचं जेवण टाळून काम उरकायची. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? डास चावल्यापासून ताप यायला चार-पाच दिवस लागतात, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. पाचव्या दिवशी रुचिताला ताप आला. प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या आणि तिला आयसीयूत नेलं.

मी यतीनच्या घरी गेले. तो जेवत होता.

“क्लासमधल्या दोघी आजारी पडल्या,” मी म्हणाले. “दोघीही त्या खोलीत बसणाऱ्या. पिंपं उपडी करायला दोन माणसं आणि अर्धा तास लागेल.”

“मॅडम, तुम्ही खिडकी उघडी ठेवता, ते पण बघा ना,” तो म्हणाला. “परवा धूरवाले येऊन गेले. आणि आता क्लासमुळे डेंगी पसरतोय असं लोकं बोलायला लागले तर क्लास बंद करावा लागेल. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.”

माझ्या भल्यासाठी! मी त्याच्या ताटाकडे बघत उभी राहिले. भांडायला आले होते आणि क्लास जाईल म्हणून गप्प बसले. हे मी लपवत नाही.

पुढच्या मंगळवारी मी खोलीचं दार उघडलं तेव्हा सूर लागलेला होताच. मी काळी पाच दाबली. जुळला नाही. पांढरी सहा दाबली, तीही नाही. दोन्हींच्या मध्ये, काळी पाचच्या किंचित खाली. मी उगाच पुन्हा पुन्हा पट्टी दाबत राहिले, कारण तो सूर कुणाचा आहे ते मला पहिल्याच क्षणी कळलं होतं.

क्षितिजा नऊ वर्षांची आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिची पट्टी काळी पाच, पण तिचा सा नेहमी एवढासा उतरलेला असतो. दोन वर्षं मी त्या एवढ्याशापायी डोकं फोडून घेतलंय. जगात दुसरं कुणी नेमकं तिथे गात नाही. ते डास तिच्याइतकेच, तिच्यासारखेच उतरलेले होते.

मी तिला दारातूनच परत पाठवलं आणि पाठोपाठ तिच्या घरी गेले. तिची आई नीलम परीक्षेच्या फ्रॉकला इस्त्री करत होती. रविवारी सकाळी गाण्याची परीक्षा होती. मंगळवारपासून पाचवा दिवस रविवारच येत होता.

“नीलम, हिला आजच्या आज वरसाव्याला तुझ्या बहिणीकडे नेऊन ठेव.”

“आज? ताई, परीक्षा आहे ना रविवारी. तुम्हीच म्हणालात, रोज रियाज पाहिजे.”

“परीक्षा गेली खड्ड्यात.”

“पण झालंय काय?”

मी सगळं सांगितलं. पट्ट्या, मनाली, रुचिता. इथवर ती ऐकत होती. मग मी खरं ते बोलून बसले: की डासांचा सूर क्षितिजासारखा उतरलेला आहे.

नीलमनं इस्त्री उभी केली. “म्हणजे डास बेसूर आहेत आणि माझी मुलगी पण बेसूर आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला? ताई, फी घेताना नाही बोललात कधी.”

डोकं ताळ्यावर असलेल्या बाईनं काहीतरी थाप मारली असती. पाणी जाणार आहे, रंग काढायचाय, काहीही. मी तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं होतं. नीलमनं दार लावलं.

मग मी माझ्या अकलेनं उपाय केला. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे, कळ फिरवून कुठल्याही सुरावर लावता येतो. मी तो क्षितिजाच्या सुरावर लावला, तेवढाच उतरलेला, आणि लिफ्टमागच्या मीटर रूममध्ये ठेवला. दार बोटभर उघडं ठेवलं. अर्ध्या तासात आमची खोली रिकामी झाली. टॉर्च घेऊन पाहिलं तर तानपुऱ्याच्या जाळीवर डास दाटीनं बसलेले. पंख मिटलेले, पाय जाळीवर टेकलेले. एकही उडत नव्हता. मी दार घट्ट लावलं आणि खालच्या फटीत कपडा कोंबला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी मिशा पाहिल्या होत्या. सगळ्यांच्या साध्या. सूर ऐकून नर येतात. माद्या येत नाहीत. कुठल्याही पुस्तकात येत नाहीत. मला भीती वाटली नाही, संताप आला. मी शिकवलेलं सगळं त्या जाळीवर बसून माझी टिंगल करत होतं.

दुसरा उपाय मी क्षितिजावर केला. ते तिला उतरलेल्या सुरावरून ओळखतात ना? मग तो सूरच राहू द्यायचा नाही. बुधवारी मी नीलमची माफी मागितली, क्षितिजाला पायभर मोजे घालून खाली आणलं आणि तिचा सा चढवायला बसले. तासभर, मग दोन तास. दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते तीन दिवसांत जमायला लागलं. इतकं सहज की मला शंका यायला हवी होती.

“बाई, आता मला ढकलावं लागत नाही,” शनिवारी ती म्हणाली. “आपोआप वर जातो.”

“शाबास,” मी म्हणाले.

रविवारी सकाळी आठला ती शेवटची उजळणी करायला आली. नीलम गेटवर रिक्षा बघत होती. इस्त्रीचा पिवळा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या. मी कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. पाचवा दिवस उजाडला होता आणि कपाळ गार होतं! मला वाटलं, जिंकले.

“लाव सा.”

तिनं डोळे मिटले आणि लावला. काळी पाच. पेटी आणि तिचा गळा यांत फट उरली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मला दुसरा सूर ऐकू आला. लिफ्टच्या मागून, तानपुऱ्याचा, उतरलेला. मंगळवारपासून मी तो बंद केला नव्हता.

“तू चालू ठेव,” मी म्हणाले. “मी आलेच.”

मीटर रूमच्या दाराखाली कपडा होता तसाच होता. मी दार उघडलं. तानपुरा इमानानं वाजत होता. जाळी स्वच्छ होती. भिंतीवर डास नव्हते, छताला नव्हते, जमिनीवर मेलेले नव्हते. खोलीला खिडकी नाही.

मी खटका बंद केला.

आता फक्त काळी पाच ऐकू येत होती. भरलेली, अखंड. एका नऊ वर्षांच्या छातीत एवढा श्वास मावत नाही, हे मला तिथे उभं राहून मोजताना कळलं. मी वीसपर्यंत मोजलं. तीसपर्यंत. चाळीस.

मी धावले.

खोलीत एकही डास नव्हता. खिडकी बंद होती. क्षितिजा पेटीसमोर, जिथे सोडली तिथेच बसली होती.

मी हिला वरसाव्याला फरफटत न्यायला हवं होतं. नीलमच्या दारात बसून बोंब मारायला हवी होती, यतीनचं ताट उचलून फेकायला हवं होतं, स्वतः पत्रे ओलांडून ती सोळा पिंपं लाथेनं पाडायला हवी होती. त्याऐवजी मी पोरीचा सूर दुरुस्त करत बसले.

“क्षितिजा,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि थांबा अशी खूण केली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि बाटली तोंडाला लावलेली होती.

ती पाणी पीत होती. घोटाघोटानं, तिचा गळा खालीवर होत होता. सा लागलेलाच होता.