मधलं आसन

यांगपो गावात कुणाकडेही जेवायला जा, जेवणाआधी भांडण ठरलेलं. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची, तिथे कुणी बसायचं यावरून. "तुम्ही बसा हो!" "छे छे, माझी काय पायरी!" असं करता करता रस्सा गार व्हायचा. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं, ही रीत. पहिल्या हाकेला जाऊन बसणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा यजमानाचा अपमान करणारा. अशा घरात कुणी मुलगी देत नसे.

देवळातही तीच तऱ्हा. एका मेजाभोवती तीन गुरूंच्या मातीच्या मूर्ती. डावीकडे रीतीभाती शिकवणारे कोंगगुरू, उजवीकडे बुद्ध. ताओपंथाच्या लाओगुरूंनी सगळ्यांत हलकी जागा धरलेली, दाराकडे पाठ करून. भिंतीकडचं मधलं, चौथं, मानाचं आसन मात्र रिकामं. "तिघांचं 'तुम्ही बसा' अजून संपलेलं नाही," असं गाव म्हणे आणि म्हणताना ज्याची त्याची छाती फुगे. खालच्या खोऱ्यात आपलाच गुरू मोठा म्हणून डोकी फुटत होती. यांगपोत नाही!

कोंगगुरूंना मानणाऱ्या रुआन गुरुजींना याचा सगळ्यांत जास्त अभिमान. त्यांची शाळा देवळाच्याच अंगणात भरे. तिथेच ताओपंथी हुओबाबा काढे उकळत आणि भिक्खू हुइजी मुळ्याचे वाफे लावत. दुपारी तिघांची त्या आसनावरून जुंपायची.

"मान द्यायला जागा लागते," गुरुजी म्हणत. "ती भरली की द्यायचं काय?"

"बासरी भरून बघा, वाजते का!" हुओबाबा डिवचत.

"आधी बसणारा कुठे आहे तो दाखवा," हुइजी मातीचे हात झटकत, "मग आसनाचं बघू."

शरद संपताना प्रांताचा अधिकारी आला. मेजाभोवती फिरून त्यानं नाक मुरडलं. "मधोमध कुणीच नाही? या देवळाला धनी नाही की काय? परवा दुपारी येतो. आसन रिकामं दिसलं, तर मूर्ती फोडून दाराला कुलूप."

तो गेला आणि अंगणात वाद पेटला. "बुद्धांना बसवा, ते लांबून आलेले पाहुणे," हुओबाबा म्हणाले. "अहो, वयानं लाओगुरू थोर!" हुइजी म्हणाले. देऊळ जायची वेळ आली, तरी आपल्या गुरूचं नाव कुणी घेईना. गुरुजींना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. शेवटी संध्याकाळी पाहुणा म्हणून बुद्धांना उचलून आसनावर ठेवलं.

सकाळी बुद्ध आपल्या जुन्या जागी होते.

गाव घाबरलं नाही, उलट हरखलं. "बघा, आपले गुरू कसे रीतीचे!" बायकांनी वाफाळते पाव आणून मेजावर ठेवले. गुरुजी पुढे झाले आणि थबकले. मूर्तींचे हात त्यांच्या आजोबांच्या काळापासून बाह्यांत गुंडाळलेले होते. आता प्रत्येकीचा उजवा हात बाहेर होता, तळवा उघडा, आसनाकडे. माती ओली नव्हती. बोटांच्या भेगांत जुनी धूळ होती.

"बाबा, कुणाला बोलावताहेत ते?" त्यांची मुलगी पेइरोंग पुटपुटली.

गुरुजींनी मान वर केली. तिन्ही चेहरे त्यांच्याकडे वळले होते. ते खांबाआड गेले, दुसऱ्या बाजूनं बाहेर आले. मूर्ती वळताना दिसल्या नाहीत, पण चेहरे पुन्हा त्यांच्याकडेच होते.

"छे छे," त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माझी काय पायरी."

दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली. मातीशी काय बोलायचं!

दुसऱ्या दिवशी मूर्ती उभ्या होत्या. मांडी घालून घडवलेल्या मूर्ती, आणि तिन्ही उभ्या. पाहुणा बसेपर्यंत यजमान उभा राहतो, तशा.

गुरुजी दोन पावलं मागे सरले. ते कमरेत वाकले. "नाही, नाही. मी साधा शाळामास्तर."

दुपारी चढावर अधिकाऱ्याचा ढोल वाजू लागला. अंगणात कुणी हालेना. हुइजी जपमाळ ओढत होते.

"रुआन," हुओबाबा हलकेच म्हणाले, "ते ताटकळलेत."

ढोल वेशीशी आला.

गुरुजींनी टोपी सरळ केली. आत गेले. तिघांना नमस्कार केला आणि बसले.

आसन ऊबदार होतं.

अधिकारी आला. चारही मूर्ती बसलेल्या. "आता कसं! हा चौथा कोण?"

"आमच्या गावचाच," हुओबाबा मान खाली घालून म्हणाले.

"छान घडवलाय." कुलूप न लावताच तो माघारी फिरला. अंगणात एकच जल्लोष झाला. देऊळ वाचलं! गुरुजींचा ऊर अभिमानानं भरून आला. अधिकाऱ्याला निरोप द्यायला उठावं म्हणून त्यांनी गुडघे हलवून पाहिले. गुडघे हलले नाहीत.

दिवेलागणीआधी पेइरोंग पिसांचा झाडू घेऊन आली. तिघांची धूळ झटकून ती चौथ्यासमोर उभी राहिली.

"हुइजीकाका," तिनं दाराकडे पाहून विचारलं, "बाबा दिसले का हो कुठे?"

आणि विचारता विचारता तिनं त्यांच्या उघड्या डोळ्यांवरून झाडू फिरवला.